एक अधिक एक किती?



समजा, तुम्ही बदलापूरच्या पूर्वेला खरवईत राहता. आज तुम्हांला तीन मित्रांना घेऊन मुंबईत भायखळ्याला जायचे आहे. चौघेही बदलापूर स्थानकावर येता आणि मुंबईकडे जाणारी लोकल पकडता. बसायला जागा मिळाली तर उत्तमच!

तुमच्या पहिल्या मित्राला ऐकू येत नाही. पण त्याचे काही अडत नाही. डब्यातल्या पाटीवर पुढच्या स्थानकाचे नाव सरकत येते, ते तो वाचतो. दुसऱ्या मित्राला दिसत नाही. त्याचेही अडत नाही. पुढचे स्थानक अंबरनाथ, अशी घोषणा होते, ती तो ऐकतो. तिसऱ्या मित्राला मात्र ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही. डब्यात पाटी आहे, घोषणाही आहे, पण त्याच्या दृष्टीने दोन्ही नसल्यासारख्याच. त्याला कळते ते एवढेच, की आपण बसलो आहोत ते बाकडे थरथरते आहे, मधूनमधून थांबते आहे आणि कोणाचे तरी गुडघे आपल्या गुडघ्यांना लागत आहेत.

आता एक सोपे गणित. पहिल्या मित्राची अडचण एक. दुसऱ्याचीही एक. मग तिसऱ्याच्या अडचणी किती? तुम्ही चटकन म्हणाल, "दोन!" हे उत्तर बरोबर आहे का, ते आपण भायखळा येईपर्यंत पाहू. आणि भायखळ्यालाच का जायचे, तेही सांगू.

मदत कशाच्या आधाराने उभी असते?

कर्णबधिर मुलाला आपण कशी मदत करतो? ओठांच्या हालचाली वाचायला शिकवतो, खुणांची भाषा शिकवतो, लिहून दाखवतो. या सगळ्या गोष्टी कशाच्या आधाराने चालतात? डोळ्यांच्या! अंध मुलाला आपण बोलून सांगतो, ध्वनिमुद्रित पुस्तके देतो, आवाजावरून रस्ता ओळखायला शिकवतो. ही मदत मुख्यतः कानांच्या आधाराने चालते. म्हणजे एक ज्ञानेंद्रिय गेले, की दुसरे त्याचा भार उचलते. पण ज्याने भार उचलायचा तेच इंद्रिय अधू असेल, तर? अडचणीत अडचण मिळवली जात नाही, तर नेहमीच्या मदतीचा पायाच निघून जातो.

हे केवळ डोळ्यांपुरते नाही. काही कर्णबधिर मुलांना मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असते. त्यांचे हात त्यांच्या मनाप्रमाणे वळत नाहीत. मग खुणांची भाषा त्यांना कळली, तरी हातांनी ती बोलता कशी येणार? काहींना बौद्धिक अक्षमता असते. त्यांना तीच खूण पुष्कळ वेळा, त्याच जागी, त्याच वेळी दाखवावी लागते. काहींना ऑटिझम असतो. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहणे त्यांना जड जाते आणि ओठवाचन तर चेहऱ्याकडे पाहूनच करायचे असते! अशा प्रत्येक मुलासाठी मदतीचा नवा आधार शोधावा लागतो.

यांतील ऐकणे आणि पाहणे या दोन्हींत अडचण असलेल्या मुलांना बधिरांध म्हणतात. यांतल्या बहुतेकांना थोडेफार दिसते किंवा थोडेफार ऐकू येते. पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता ही स्थिती त्या मानाने थोड्यांचीच असते. म्हणून अशा मुलासाठी पहिला प्रश्न 'काय गेले?' हा नसून 'काय उरले?' हा असतो.

भाकरी कुठून येते?

डोळे आणि कान ही आपली दूरची ज्ञानेंद्रिये आहेत. ती न हलता दूरची बातमी आणतात. स्पर्श आणि चव मात्र वस्तू अंगाला लागल्याशिवाय काही सांगत नाहीत. वास थोडा दूरचा येतो, पण नेमके ठिकाण सांगत नाही.

लहान असताना तुम्हांला भाकरीचा धडा कोणी शिकवला का? नाही. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसून आईला पीठ मळताना पाहिले, परातीतला थापण्याचा आवाज ऐकला, तव्यावर भाकरी फुगताना पाहिली. 'भाकरी' हा शब्द शंभर वेळा कानांवर पडला. न शिकवता शिकलेल्या अशा गोष्टींची यादी करायला घेतली, तर वही पुरणार नाही.

बधिरांध बाळाच्या बाबतीत काय होते? भाकरीचा तुकडा अचानक त्याच्या ओठांना लागतो. तो कुठून आला, कोणी दिला, आणखी आहे का, काही कळत नाही. तसेच अचानक अंगावर पाणी पडते, अचानक कोणी उचलते, अचानक खाली ठेवते. अशा जगात एखादे मूल दचकते, रडते, हात झटकते किंवा डोलत बसून राहते. पूर्वी अशा मुलांवर सर्रास 'मतिमंद' असा शिक्का मारला जाई. खरे म्हणजे त्यांची बुद्धी कोणी मोजलेलीच नसे. तोंडी विचारलेला प्रश्न ज्याला ऐकू येत नाही आणि दाखवलेले चित्र ज्याला दिसत नाही, त्याची परीक्षा कसली झाली?

एक प्रयोग करा

हा प्रयोग वर्गात, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि खुर्चीवर बसूनच करा. एका मित्राच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. त्याला कान तळहातांनी घट्ट झाकायला सांगा. कानांत बोळे किंवा काड्या घालू नका. आता काहीही न सांगता त्याच्या ओठांना चमचा लावा. तो बहुतेक मान मागे घेईल.

थोड्या वेळाने हेच निराळ्या प्रकारे करा. आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि क्षणभर तसाच राहू द्या. मग त्याने कानावरचा एक हात काढला, की त्या हातात चमचा द्या. तो त्याला चाचपू द्या. नंतर त्याचाच हात वाटीपर्यंत न्या. यावेळी तो दचकणार नाही. चमचा तोच, मुलगाही तोच. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी त्याला पुढे काय होणार हे आधी कळले.

हा छोटा प्रयोग नीट लक्षात ठेवा. बधिरांध मुलांचे शिक्षण येथूनच सुरू होते.

दोन इंद्रिये एकदम का जातात?

१९४१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे नॉर्मन ग्रेग नावाचे नेत्रतज्ज्ञ एका कोड्यात पडले होते. मोतीबिंदू हा म्हातारपणी होणारा विकार, पण त्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे एकापाठोपाठ एक येऊ लागली. त्यांच्या आयांची विचारपूस करताना धागा सापडला. गरोदरपणाच्या सुरुवातीला यांतल्या बहुतेकींना रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झाला होता. ग्रेग यांनी ७८ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६८ जणांच्या आयांना हा आजार होऊन गेला होता. पुढे दोनच वर्षांत ध्यानात आले, की अशा अनेक मुलांना ऐकूही येत नाही.

रुबेला हा तसा साधा आजार. थोडा ताप, अंगावर बारीक पुरळ, दोन-तीन दिवसांत बरे. पण गर्भात पहिल्या तीन महिन्यांत डोळ्यांचे भिंग, कानातली शंखासारखी वळलेली नळी आणि हृदयाचे कप्पे घडत असतात. नेमक्या त्याच वेळी रुबेलाचा विषाणू आईच्या रक्तातून गर्भात शिरला, की हे घडणारे अवयव बिघडतात. डोळे, कान आणि हृदय यांची बांधणी जवळजवळ एकाच काळात होत असल्यामुळे तीनही ठिकाणी एकदम घाव बसतो. अमेरिकेत १९६४-६५ साली रुबेलाची मोठी साथ आली, तेव्हा सुमारे २०,००० बाळे असे दोष घेऊन जन्मली.

दुसरे कारण कावीळ. नवजात बाळाला थोडी कावीळ होणे नेहमीचे आहे. पण रक्तातले बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य फार वाढले आणि उपचार झाले नाहीत, तर ते मेंदूत साठते. हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रे आणि ऐकण्याचा मार्ग या दोन्हींना त्याने इजा होते. मग एकाच मुलाला मेंदूचा पक्षाघात आणि बहिरेपणा असे दोन्ही होते. निळसर प्रकाशाखाली ठेवण्याचा साधा उपचार वेळेवर झाला, तर बहुधा हे टळते.

तिसरे कारण आनुवंशिक. अशर सिंड्रोम नावाच्या विकारात मूल जन्मतः बहिरे किंवा कमी ऐकणारे असते. पुढे वाढत्या वयात रात्री दिसेनासे होते आणि मग दृष्टीचा घेर नळीतून पाहावे तसा अरुंद होत जातो. आई आणि वडील या दोघांकडून एकेक सदोष जनुक आले, तरच हा विकार होतो. आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते. जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. कर्णबधिर मुलगा संध्याकाळी ठेचकाळू लागला, तर 'धांदरट आहे' म्हणून सोडून देऊ नये, डोळे तपासून घ्यावेत, ते यासाठीच.

याखेरीज फार लवकर जन्मलेली बाळे आणि मेंदूज्वरातून वाचलेली मुले यांच्यातही एकाहून अधिक दोष आढळतात.

भायखळा आले!

कल्याण, ठाणे, दादर मागे पडले. उतरू या. १९७७ साली बेरोझ वाच्छा यांनी मुंबईत हेलन केलर यांच्या नावाने एक संस्था सुरू केली. भारतातली बधिरांध मुलांची ही पहिली शाळा. भायखळ्याच्या पश्चिमेला, ना. म. जोशी मार्गावर, 'एस' पुलाजवळच्या महानगरपालिकेच्या शाळेच्या इमारतीत ती अनेक वर्षे चालत आली.

त्याआधी अशा मुलांसाठी दोन दारे होती आणि दोन्ही बंद होती. मूकबधिरांच्या शाळेतला फळा त्यांना दिसत नसे आणि अंधशाळेतल्या शिक्षकांचे बोलणे त्यांना ऐकू येत नसे.

हेलन केलर हे नाव तुम्ही ऐकले असेल. १८८० साली अमेरिकेत जन्मलेल्या हेलनची दृष्टी आणि श्रवणशक्ती १९ महिन्यांची असताना आजारात गेली. १८८७ साली ॲन सलिव्हन या तरुण शिक्षिकेने पंपाचे पाणी तिच्या एका हातावर सोडले आणि दुसऱ्या तळहातावर बोटांनी 'पाणी' हा शब्द लिपीत उमटवला. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे हेलनला त्या क्षणी उमगले. १९०४ साली ती पदवीधर झाली. १९५५ साली ती भारतातही येऊन गेली.

पण एक गोष्ट आपण विसरतो. त्या पंपाआधी हेलनजवळ १९ महिन्यांचे ऐकणे-पाहणे होते. जन्मतःच बधिरांध असलेल्या बाळाजवळ तेवढी शिदोरीही नसते. त्याला थेट शब्द देऊन चालत नाही. शब्दाआधी त्याला दिवसाची घडी द्यावी लागते.

चमचा म्हणजे जेवण

ही घडी कशी द्यायची, याची एक पद्धत नेदरलँडमधील यान व्हान डाइक या शिक्षणतज्ज्ञांनी १९६० नंतरच्या काळात बसवली. आज जगभर अशा शाळांत ती निरनिराळ्या रूपांत वापरतात. तिच्यात सुरुवात हालचालीने होते. मूल डोलत असेल, तर शिक्षिका त्याच्या पाठीशी बसून त्याच लयीत डोलते. मग मध्येच थांबते. मूल जरा वाट पाहते आणि शिक्षिकेला ढोसते. 'पुन्हा कर' असे त्याने सांगितले! ते त्याचे पहिले वाक्य.

पुढची पायरी वस्तूंची. जेवणाआधी दर वेळी हातात तोच चमचा द्यायचा. आंघोळीआधी पंचाचा तुकडा. झोपाळ्याआधी साखळीचा तुकडा. बाहेर जाताना चप्पल. काही आठवड्यांनी चमचा हाताला लागताच मूल तोंड हलवू लागते. चमचा आता नुसता चमचा उरला नाही, तो 'जेवण' हा शब्द झाला.

मग या वस्तू एका लांबट पेटीच्या कप्प्यांत डावीकडून उजवीकडे क्रमाने ठेवतात. मूल सकाळी हाताने सगळे कप्पे चाचपते: आधी पंचा, मग चमचा, मग साखळी. हे झाले त्याचे वेळापत्रक. एक काम संपले, की ती वस्तू 'संपले'च्या डब्यात टाकायची. आज, नंतर आणि संपले, म्हणजे वर्तमान, भविष्य आणि भूतकाळ! जे काळ तुम्ही व्याकरणात शिकता, ते हे मूल बोटांनी शिकते.

माणसांची ओळखही अशीच. एका शिक्षिकेची खूण हातातल्या बांगड्या, तर दुसऱ्या शिक्षकांची घड्याळाचा पट्टा. आल्या आल्या मुलाचा हात त्या खुणेवर नेला, की कोण आले ते कळते.

आणखी एक बारकावा पाहा. एखादी वस्तू दाखवताना मुलाचा हात वरून पकडून ओढला, तर ते घाबरते, कारण त्याचे हात हेच त्याचे डोळे असतात. म्हणून शिक्षक आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवतात. मुलाची बोटे शिक्षकाच्या हातावर टेकलेली असतात. हात सोडवून घ्यायचा की पुढे जायचे, हे मुलाने ठरवायचे.

पुढे ज्याला जे जमेल ते. कोणी हातात हात घेऊन खुणांची भाषा शिकते. कोणी उठावदार चित्रे ओळखते. कोणी ब्रेल वाचते. सहा ठिपक्यांच्या ब्रेलमध्ये ६३ निरनिराळ्या आकृत्या होतात, आणि भारती ब्रेलमध्ये मराठीतला 'क' म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. जे थोडे ऐकू येते त्यासाठी श्रवणयंत्र आणि जे थोडे दिसते त्यासाठी चष्मा व ठळक अक्षरे. सगळी मुले पदवीपर्यंत जातात असे नाही. एखाद्याने दहा वर्षांनी स्वतः चमचा उचलून 'भूक लागली' असे सांगितले, तर त्याच्या घरी तो सणाचा दिवस असतो.

वेळ महत्त्वाची

भाषेची पाळेमुळे मेंदूत पहिल्या काही वर्षांतच सर्वांत सहज रुजतात. म्हणून तपासणी लवकर व्हायला हवी. १९७८ साली इंग्लंडमधील डेव्हिड केम्प यांनी एक गमतीदार शोध लावला: निरोगी कान आवाज केवळ घेतो असे नाही, तो स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो. हा प्रतिसाद मोजून झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही प्राथमिक तपासणी करता येते. तेथे शंका आली, तर बेरा या तपासणीत श्रवणतंतूंतून मेंदूकडे जाणारे विद्युत्-संदेश नोंदवतात. यात बाळाने उत्तर द्यायची गरज नसते, त्यामुळे अनेक दोष असलेल्या मुलांसाठी ती फार उपयोगी पडते. आणि नियम असा, की कानात दोष सापडला तर डोळेही तपासायचे, डोळ्यांत सापडला तर कानही!

कायद्यानेही या मुलांना ओळखायला वेळ लावला. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात बधिरांधत्वाचे नाव नव्हते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा झाला, तेव्हा बहुविध अपंगत्वांत त्याचा स्पष्ट उल्लेख आला. यादीत नाव नसले, की दाखला मिळत नाही आणि दाखल्यावाचून सवलतही मिळत नाही. म्हणून यादीतला एक शब्दही मोलाचा.

तुम्ही काय कराल?

तुमच्या आळीत असे एखादे मूल असेल, तर त्याला टाळू नका. जवळ जाताना हळूच खांद्यावर हात ठेवा आणि तुमची एक ठरावीक खूण करा. दर वेळी तीच. निघताना 'जातो' अशीही खूण करा. न सांगता निघून गेलात, तर ते बिचारे तुमची वाट पाहत राहील. त्याला चालवताना ढकलू नका, त्याला तुमचा कोपर धरू द्या.

आता आपल्या गणिताकडे वळू. एक अधिक एक दोन हे उत्तर पुस्तकात बरोबर, पण लोकलमधल्या तिसऱ्या मित्राच्या बाबतीत चुकले. पाटी त्याला उपयोगी नाही आणि घोषणाही नाही. त्याच्यासाठी तिसराच उपाय काढावा लागतो: निघण्याआधी त्याच्या हातात द्यायची एक ठरलेली वस्तू, प्रत्येक स्थानकाला तळहातावर एक टिचकी आणि शेजारी बसलेला, मध्येच हात न सोडणारा एक मित्र.

परतीच्या गाडीने खरवईला घरी पोचलात, की एक काम करा. धाकट्या भावंडाचे लसीकरणाचे कार्ड काढा. गोवर-रुबेलाची लस, जिला एमआर म्हणतात, तिची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत द्यायची असते. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात या लसीची मोठी मोहीम निघाली होती. कदाचित तेव्हा तुमच्या मोठ्या बहिणीलाही शाळेत सुई टोचली असेल आणि ती रडली असेल. कार्डावर दोन्ही रकान्यांत तारखा आहेत ना, ते पाहा. एखादा रकाना रिकामा असेल, तर उद्याच आईला किंवा अंगणवाडीच्या ताईंना दाखवा.